भगवानरावांची बायको बाहेरगावी आहे

प्रमाणित करण्यात येते की, श्री. भगवानराव सोनुने, वय कागदोपत्री चौसष्ट, मु. पो. देऊळघाट, ता. जि. बुलढाणा, हे सदर गावाचे कायम रहिवासी असून त्यांचा व्यवसाय शेती, पैकी मुख्यत्वे वांगी, असा आहे. ते सोनुने कुटुंबाचे प्रमुख आहेत. विहीर, विहिरीवरची मोटार, घराची किल्ली, टीव्हीचा रिमोट आणि कुळाचाराच्या महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे त्यांच्या ताब्यात आहेत. ओळखखूण: उजव्या हाताची तर्जनी, जी बोलताना वर असते. वर्तणूक चांगली. वैवाहिक स्थिती: विवाहित; पत्नी सौ. रुखमाबाई तूर्त बाहेरगावी. सदर इसमास कोणाचाही हेवा वाटत नाही, असे त्यांनी स्वतः वेळोवेळी, कोणी न विचारता, सांगितलेले आहे.

यातला ‘बाहेरगावी’ हा शब्द भगवानरावांचा. दारात येऊन कोणी ‘वहिनी नाही दिसत?’ म्हणालं की ते ‘बाहेरगावी गेली’ म्हणत, आणि अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, चिखलीला कोणाच्या वास्तुशांतीला गेली असेल, संध्याकाळच्या गाडीनं येईल. रुखमाबाई ऑस्ट्रेलियात होत्या. अ‍ॅडलेड नावाच्या शहरात, लेकीकडे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण ही लेक, अपेक्षा, तिथल्या दवाखान्यात नर्स. तिला काही माहेरी येणं जमेना, तेव्हा तिनं माहेरच तिकडं बोलावून घ्यायचं ठरवलं. भगवानरावांनी हे ऐकलं आणि कोणाला न सांगता बुलढाण्याला जाऊन स्वतःचे फोटो काढून आणले, पासपोर्टाला लागतील म्हणून. टोपी काढायला लावली यावरून फोटोवाल्याशी त्यांचा थोडा वादही झाला. फोटो त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. मग लेकीकडून तिकीट आलं. माहेर म्हणजे तिच्या हिशेबानं एकच माणूस निघालं.

“मलेही चाल म्हणून राह्यले होते,” भगवानराव शेषरावाच्या दुकानात म्हणाले. “म्या म्हटलं, वांग्यायले कोण पाहीन?”

असं त्यांना कोणीही म्हणून राहिलं नव्हतं. शेषरावाला ते माहीत होतं. पण शेषराव दुकानदार. गिऱ्हाइकाला लगेच खोटं पाडत नाही, सवडीनं पाडतो.

शेषरावाचं दुकान धान्याचं. निघायच्या आदल्या दिवशी रुखमाबाईंची बॅग तिथंच तोलायला आणली होती. हरभऱ्याची पोती चढतात त्या काट्यावर ऑस्ट्रेलियाची बॅग चढली आणि वजन जास्त भरलं. रुखमाबाईंनी भर दुकानात बॅग उघडली. पापड राहू दिले, मसाला राहू दिला. जुन्या शालीत गुंडाळलेलं एक गाठोडं वर काढलं, हातात तोललं, आणि पुन्हा खाली सारलं. मग कुरडयांची पिशवी बाहेर काढली.

“अवं, ते गाठोडं काढ ना,” भगवानराव म्हणाले. “कुरडया पोरीले आवडते.”

“त्यात माह्ये लुगडे हायेत.”

दुकानात आणखी माणसं होती. चारचौघांत बायकोच्या लुगड्यांची चौकशी करणाऱ्यांपैकी भगवानराव नव्हेत. कुरडया घरी परत आल्या. त्यांचं पुढं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. कुरडयांकडे लक्ष देणं हे कुटुंबप्रमुखाच्या कामात बसत नव्हतं.

विमानतळावरून परत आल्यावर त्यांनी दुकानात तर्जनी वर करून भाकीत केलं. “पंधरा दिवस. त्याच्यावर एक दिवस नाही. रडत फोन येईन, मले घेऊन जा म्हणून.” भाकिताला आधार होता. रुखमाबाई एकट्या अशा बुलढाण्याच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. एसटीत बसल्या की पदर नाकाला लावायच्या. त्यांना जग दाखवण्याचा प्रयत्न भगवानरावांनी केला नव्हता असं नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना लोणारचं सरोवर दाखवलं होतं. रुखमाबाईंनी काठावर उभं राहून सगळं नीट पाहिलं होतं आणि विचारलं होतं, “पाणी खारं हाय तं काय कामाचं?” त्यानंतर जग दाखवण्याचा विषय निघाला नाही.

पहिले काही दिवस भगवानरावांचे फार चांगले गेले. तिकडे दिवेलागण झाली की इकडे दुपार असायची, आणि त्या वेळी सून, पूनम, फोन घेऊन ओसरीवर यायची. “मामाजी, आत्याबाईचा फोन.”

“अवो, इथं आवाजच नाही,” फोनमधून रुखमाबाई सांगायच्या. “कुत्रं नाही, कोंबडं नाही, रस्त्यानं माणूस दिसत नाही. सारं गाव लग्नाले गेलं असं वाटते. अन् कचऱ्याचे तीन डबे हायेत, अलग अलग रंगाचे. काल आलूचे सालपटं भलत्याच डब्यात टाकले तं जावई हात घालून वेचून राह्यले. मले तं मेल्यावानी झालं.”

“करमत नसंन,” भगवानराव सहानुभूतीनं म्हणायचे.

“नाही ना करमत.”

हे ‘नाही करमत’ ते जपून दुकानापर्यंत नेत आणि शेषरावाला ऐकवत. बायकोचा जीव तिकडं रमत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्यात त्यांची तब्येत सुधारत होती.

मग नात झाली. आणि नातीला फिरवायच्या निमित्तानं रुखमाबाई घराबाहेर पडल्या. इथून भगवानरावांची प्रकृती बिघडली.

आधी त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. मग ब्रेड आणायला गेल्या. मग एके दिवशी बसमध्ये बसल्या, एकट्या, बाबागाडी घेऊन. “पदर नाही लावा लागत नाकाले,” त्यांनी सांगितलं. “वासच नाही. एक कार्ड हाय, ते टेकवलं की झालं. अन् उतरताना डायवरले थँक्यू म्हणा लागते.”

“काऊन? फुकट नेते का तो?”

“नाही. तरी सारे म्हणते. म्याही म्हणतो.”

भगवानराव त्या दिवशी वांग्यांना पाणी देताना बराच वेळ त्या ड्रायव्हरचा विचार करत होते. आजवर ते असंख्य वेळा बुलढाण्याच्या गाडीतून उतरले होते आणि एकाही ड्रायव्हरला काही म्हणाले नव्हते. रुखमाबाईही म्हणाल्या नव्हत्या. तसं पाहिलं तर रुखमाबाई त्यांनाही कधी थँक्यू म्हणाल्या नव्हत्या. त्या अ‍ॅडलेडच्या माणसानं असं काय केलं होतं? गाडी थांबवली होती. एवढंच.

पुढची बातमी वाचनालयाची आली. तिथं म्हणे आठवड्यातून एकदा लहान लेकरांना मांडीवर घेऊन आया आणि आज्या गोल बसतात आणि गाणी म्हणतात. ज्याची जी भाषा त्यानं ती म्हणावी. रुखमाबाईंनी भुलाबाईचं गाणं म्हटलं, अगदी शेवटपर्यंत, आणि चार देशांच्या बायांनी टाळ्यांवर ठेका धरला. अपेक्षानं त्याची चित्रफीत पाठवली. ओसरीवर शेजारच्या तानाबाईसकट गल्लीतल्या बाया जमल्या आणि पूनमनं ती पुन्हा पुन्हा लावली. रुखमाबाईंनी लुगड्याखाली पांढरे बूट घातले होते आणि वरून जावयाचं निळं जाकीट.

“मास्तरीण दिसते वं!” तानाबाई म्हणाली.

भगवानराव बाजूला सुपारी कातरत बसले होते. या बाईला गाणं म्हणता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. एका छपराखाली एवढी वर्षं काढली, घरात ते गाणं कधी झालं नाही. आणि तो सूर पहिल्यांदा ऐकायचा मान त्या परक्या गावानं घ्यावा, तोही फुकट, आठवड्यातून एकदा. त्यांना गाण्याची आवड नव्हती. तरीही.

पण शहराचा, बसचा आणि वाचनालयाचा हेवा एकवेळ गिळता येतो. निको गिळता येत नव्हता.

निको हा अपेक्षाच्या शेजारी राहणारा ग्रीक म्हातारा. बायको वारलेली, मुलं दुसऱ्या शहरात. मागच्या अंगणात त्याची बाग. आणि त्या बागेत, रुखमाबाईंनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून पाहिलं, वांगी होती.

“जांभळे, भरताचे, हाताएवढे,” त्या सांगत होत्या. “त्यानं दोन तोडून देले.”

भगवानराव वाट पाहत राहिले. आता ती म्हणेल, पण आपल्या वांग्याची चव नाही. ते वाक्य यायलाच पाहिजे होतं. परगावी गेलेलं कोणतंही माणूस घरच्या वांग्याबद्दल एवढं म्हणतंच.

“बी कमी हाय,” रुखमाबाई म्हणाल्या. “एकदम लोण्यावानी.”

त्या दिवशी भगवानराव जेवले नाहीत, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. जेवले, पण वांग्याची भाजी होती, आणि प्रत्येक घासाला त्यांच्या दाताखाली बी आलं.

निकोला मराठी येत नव्हती, रुखमाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि निकोचं इंग्रजीही, अपेक्षाच्या म्हणण्याप्रमाणे, यथातथाच होतं. तरी दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून रोज बोलायचे. काय बोलता, असं भगवानरावांनी एकदा सहज, म्हणजे तीन दिवस विचार करून, विचारलं. “भाजीपाल्याचं,” रुखमाबाई म्हणाल्या. “त्याले अळ्यांचं लय समजते.”

गावात ही बातमी लपून राहणं शक्य नव्हतं, कारण फोन ओसरीवर लागायचा.

“काय बे भगवान,” शेषराव गल्ल्यावरून म्हणाला, “वहिनीच्या त्या बुढ्यासंगं लय गोठी चालते म्हणे.”

“त्याचं वय ब्याऐंशी हाय.”

“म्हणजे तू चौकशी करून ठेवली.”

“चौकशी कशाची? बोलता बोलता निघालं.”

“हाव ना,” शेषराव म्हणाला आणि तराजूत हरभरा ओतला. “ब्याऐंशी म्हणजे काही नाही. तिकडची हवा चांगली हाय.”

मग भरीत झालं. भरीत हा सोनुन्यांच्या घरात स्वयंपाकघराचा विषय नव्हता. ते मळ्यात व्हायचं, पऱ्हाटीच्या जाळावर, आणि करायचे भगवानराव. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भडका, त्यात वांगी उलटसुलट, साल काळी पडून फुटली की काढायची. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. चुलीवरचं बाकी सगळं रुखमाबाईंचं आणि हा एक पदार्थ त्यांचा. त्यासाठी चिखलीहून पाहुणे यायचे. रुखमाबाई भाकरी बडवायच्या आणि मालकांचा हात कसा चालतो ते बघायच्या.

“आज भरीत केलं,” फोनमधून आवाज आला. “पऱ्हाटी नाही इथं. पण निकोजवळ अंगुराच्या वाळल्या काड्या होत्या, त्याच्यावर भाजलं. तुमच्यासारखंच. त्यानं दोनदा घेतलं, पावासंगं. म्हणे, कोणी शिकवलं?”

भगवानराव पुढं सरकून बसले. “मग?”

“म्या म्हटलं, घरी सारेच करते.”

पूनमनं फोन बंद केला, तरी भगवानराव तिथंच बसून होते. न कातरलेली अख्खी सुपारी गिळली गेली होती की काय, असा त्यांचा चेहरा होता.

परतीचं तिकीट श्रावणातलं होतं. आषाढ सरत आला तसं भगवानरावांनी घराला आतून चुना लावून घेतला, रुखमाबाईंच्या खोलीतला पंखा दुरुस्त करवला आणि मळ्यात भरताच्या वांग्यांचा वेगळा वाफा केला. हे सगळं दरवर्षीच करतो, असं ते म्हणाले. पूनमला ते कोणत्याच वर्षी आठवत नव्हतं.

आणि एका दुपारी फोनवर अपेक्षाच बोलली. “बाबा, आईला दिवाळीपर्यंत राहू देता का? माझी ड्यूटी सुरू होते आहे आणि बाळाला पाळणाघरात जागा ऑक्टोबरमध्ये मिळते. व्हिसा आहे. तिकीट बदलता येतं. फक्त तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा.”

भगवानरावांचं म्हणणं एकच होतं: नाही. पण तसं म्हटलं तर उद्या गावात झालं असतं की भगवानला बायकोवाचून राहवत नाही. स्वतःसाठी मागणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं; देवासाठी मागायला हरकत नव्हती. त्यांनी तर्जनी वर केली.

“माह्यं काही नाही. पण भादव्यात महालक्ष्म्या हायेत. घरच्या थोरल्या बाईशिवाय आपल्या महालक्ष्म्या उभ्या राहत नाही. थोरली बाई जठी, महालक्ष्म्या तठी. माह्या आजीपासूनचा रिवाज हाय. विचार तुह्या मायले.”

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग रुखमाबाईंचा आवाज आला.

“रिवाज मले ठाव हाय. तुम्ही काळजी नका करू. होईन सारं बरोबर.”

झालं. भगवानरावांनी मनात डाव जिंकल्याची नोंद केली आणि दुकानात जाऊन सांगितलं, “येऊन राह्यली. महालक्ष्म्यांच्या आधी. देवाधर्माचं असलं म्हणजे बाई थांबत नाही.” शेषरावानं ते गिऱ्हाइकागणिक गावाला सांगितलं. आता रुखमाबाई येणं ही केवळ घरची गोष्ट राहिली नव्हती. भगवानरावांची तर्जनी पणाला लागली होती.

पोळा झाला. रुखमाबाई आल्या नाहीत. गणपती बसले, तरी येण्याचं बोलणं नाही. विचारलं की ‘होईन बरोबर’ एवढंच यायचं. महालक्ष्म्या उद्यावर आल्या, आणि भगवानरावांनी शेवटचा इलाज करायचं ठरवलं. मुखवटे आपण स्वतः काढायचे, चिंचेनं लखलखीत घासायचे आणि फोनवर तिच्यासमोर धरायचे: पाहा, देवी वाट पाहून राहिली, आणि तू तिकडं कुंपणाशी उभी. मुखवटे वर्षभर गव्हाच्या कोठीत, पितळी डब्यात, लाल खणात गुंडाळून ठेवलेले असत आणि भादव्याखेरीज त्यांना कोणी हात लावत नसे. भगवानरावांनी तर एरवी भादव्यातही लावलेला नव्हता. ते काम घरच्या बाईचं. पण ताबा त्यांचा होता.

ओसरीवर तानाबाई आणि गल्लीतल्या बाया होत्याच. पूनमनं फोन लावून समोर धरला. पडद्यावर रुखमाबाई, कडेवर नात. भगवानरावांनी बाह्या सारल्या, कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि डबा वर काढला. डबा हलका वाटला. त्यांनी पूनमकडे पाहिलं. पूनम फोनकडे पाहत होती. फोन तिच्या हातात जरासुद्धा हलत नव्हता.

त्यांनी झाकण काढलं, खणाची गाठ सोडली आणि कापड चारी बाजूंनी उघडलं. आत कुरडया होत्या.

“हे काय?”

“कुरडया,” तानाबाई म्हणाली. तिला ओळखायला काही अडचण आली नाही.

“सापडल्या का?” फोनमधून रुखमाबाईंनी विचारलं. “मी म्हणतच होती, कुरडयायले कीड तं नाही लागली. देवीची जागा रिकामी ठेवत नाही, गव्हाचं काहीतरी ठेवा लागते. म्हणून ठेवल्या.”

“मुखवटे कुठं हायेत?”

“हे काय, इथं.”

पडदा हलला. आधी छत दिसलं, मग एक खिडकी, आणि मग त्या दोघी. अ‍ॅडलेडच्या दिवाणखान्यात, सोफा भिंतीला सारून केलेल्या जागेत, थोरली डावीकडे आणि धाकटी उजवीकडे. लखलखीत घासलेल्या. थोरलीच्या अंगावर मोरपंखी लुगडं होतं, जे भगवानरावांनी अपेक्षाच्या लग्नात चिखलीहून आणलं होतं आणि जे रुखमाबाईंनी ‘फार भारी आहे’ म्हणून कधी नेसलं नव्हतं.

शेषरावाच्या काट्यावरचं शालीतलं गाठोडं भगवानरावांना आठवलं. माह्ये लुगडे हायेत.

“विमानतळावर अडवलं होतं,” रुखमाबाई उत्साहानं सांगत होत्या. “एक सरदारजी साहेब होता. म्हणे, ये किसके चेहरे हैं? म्या म्हटलं, आमच्या घरच्या बाया हायेत. त्यानं जोडे बाजूले काढले, हात जोडले अन् म्हणे, जाओ माताजी.”

“अन् उभ्या कशावर केल्या?” हा प्रश्न विचारू नये हे भगवानरावांना विचारता विचारताच कळलं.

“निकोनं काठ्या देल्या ना, टमाट्याच्या मांडवाच्या. तारेनं बांधूनही त्यानंच देल्या. बूट बाहेर काढून आत आला बिचारा. सांगाही नाही लागलं.”

भगवानरावांची तर्जनी सवयीनं वर गेली. “पण रिवाज... घरच्या थोरल्या बाईशिवाय...”

“हाव ना. म्हणून तं आणल्या. थोरली बाई जठी, महालक्ष्म्या तठी. तुम्हीच म्हणले होते.”

तर्जनी थोडा वेळ हवेत राहिली. मग तिला काही काम उरलं नाही म्हणून खाली आली.

“म्हणजे जातानाच ठरवलं होतं तू.”

“हाव.”

“तुले परत यायचंच नव्हतं.”

“यायचं होतं ना,” रुखमाबाई म्हणाल्या. “घाई नव्हती.”

त्या हे रागानं म्हणाल्या असत्या तर भगवानरावांना उत्तर देता आलं असतं. पण त्या अगदी साध्या सुरात म्हणाल्या, बस किती वाजता आहे ते सांगावं तसं, आणि नातीचं नाक पुसू लागल्या. भगवानराव त्या दोन पितळी चेहऱ्यांकडे पाहत राहिले. या दोघीही गेल्या. समुद्र ओलांडून, लुगडी म्हणून, आणि त्यांना कोणी फोटो मागितला नाही की टोपी काढायला लावली नाही. देवीचा हेवा करू नये एवढं त्यांना कळत होतं. बंडीच्या खिशाला हात लागला तेव्हा फोटो अजून तिथंच होते, घामानं एकमेकांना चिकटलेले.

“भाऊ,” तानाबाई शेवटी म्हणाली, “आता काढल्याच हायेत तं कुरडया तळून घ्या.”

पूनमनं तळल्या. चांगल्या फुलल्या. भगवानरावांनीही एक खाल्ली.

संध्याकाळी दुकानात जाणं त्यांना टाळता आलं असतं, पण टाळलं असतं तर शेषराव घरी आला असता.

“काय बे, आली का वहिनी?”

“नाही.”

“मग महालक्ष्म्या?”

भगवानरावांनी पोत्यावरचा एक हरभरा उचलला, पाहिला आणि जागेवर ठेवला. “बाहेरगावी गेल्या.”

शेषराव हसला नाही. त्यानं त्यांच्यासाठी चहा मागवला, आणि हे भगवानरावांना हसण्यापेक्षा जास्त लागलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्या वर्षी ते तानाबाईकडे गेले. तानाबाईच्या लोणारहून आलेल्या पाहुण्यानं विचारलं, हे कोण? तानाबाईनं सांगितलं, “रुखमाबाईचे मालक. त्या नाही का, अडलेडच्या.” पाहुण्यानं आदरानं सरकून जागा दिली.

रुखमाबाई दिवाळीच्या तोंडावर आल्या. बुलढाण्याहून केलेली जीप दारात थांबली, त्या पांढऱ्या बुटांनी खाली उतरल्या आणि ड्रायव्हरला थँक्यू म्हणाल्या. ड्रायव्हर घाबरून भगवानरावांकडे पाहू लागला. भगवानरावांनी बॅग उचलली. हलकी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मळ्यात भरीत केलं. पऱ्हाटीवर, वेगळ्या वाफ्यातल्या वांग्यांचं, सगळा जीव लावून. रुखमाबाईंनी भाकरीचा पहिला घास घेतला. भगवानराव स्वतःच्या ताटाकडे पाहत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

“बी जास्त हाय,” रुखमाबाई म्हणाल्या. आणि दुसरा घास घेऊन, “पण जाळ बरोबर लागला. अंगुराच्या काड्यांले हा वास येत नाही.”

भगवानरावांनी त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं. एवढं मोठं जग पाहून आलेल्या बाईच्या तोंडून पऱ्हाटीबद्दल चांगलं निघालं होतं. निकोचं ब्याऐंशी हे वयही त्यांना एकदम फार वाटू लागलं.

“पुढल्या भादव्यात जायचं हाय,” रुखमाबाई जेवता जेवता म्हणाल्या. “पोरगी म्हणे दोघंही या. येता का?”

भगवानरावांचा हात बंडीकडे गेला. खिशापर्यंत पोचला. पण तोंडाला इतक्या महिन्यांची सवय होती.

“वांग्यायले कोण पाहीन?” ते म्हणाले.

“बरं,” रुखमाबाई म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी बॅगेतून ती जुनी शाल काढली. तिच्यात तांदळाच्या आकाराच्या गव्हाच्या शेवयांची एक पुडी होती, निकोनं दिलेली. रुखमाबाईंनी ती लाल खणात नीट गुंडाळली, डब्यात ठेवली आणि डबा गव्हाच्या कोठीत आत खोल सारला. भगवानराव दारात उभे राहून पाहत होते.

मुखवटे अ‍ॅडलेडलाच आहेत.